खांदे शेकल्याची माफी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक पद्धत होती. कुणी नवा माणूस विश्वासात आला की त्याला एका जुन्या विश्वासणाऱ्याच्या हाती सोपवायचं. दर आठवड्याला त्याच्या घरी बसायचं, शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची. नोकरी बदलायची असो, लग्न ठरवायचं असो की नुसतं गावी जाऊन यायचं असो, आधी त्याला विचारायचं. याला आम्ही शिष्यत्व म्हणत असू. मला ज्या ताईंच्या हाती सोपवलं, त्या अमरावतीतल्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. एकट्या राहत. बोलणं फटकळ, पण जीव लावला की लावला. मी तेव्हा एका शाळेत गणित शिकवत होते आणि भाड्याच्या खोलीत राहत होते, कारण बाप्तिस्मा घेतला म्हणून वलगावच्या घराचं दार मला बंद झालं होतं.

ताईंनी मला प्रार्थना करायला शिकवलं. रागाच्या भरात केलेली प्रार्थनाही देव ऐकतो, हे त्यांनीच सांगितलं. मला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या उशाशी त्या बसून राहिल्या, घरचं कुणी फिरकलं नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी त्यांच्याशी भांडले ते वाचून कुणी त्यांना दुष्ट ठरवलं, तर ते मला चालणार नाही.

घरी काळी जमीन, थोडी संत्र्याची बाग, भाऊ-वहिनी आणि आमचे बाबा; आई आधीच गेलेली. बाबा तापट. बाप्तिस्म्याचं कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "आता तुयं तू पाय." त्यानंतर कितीतरी पोळे मी गावाकडे गेले नाही. बाबा बोलवत नव्हते आणि ताई जाऊ देत नव्हत्या. जन्मात कधी एकमेकांना न भेटलेल्या या दोघांचं माझ्या बाबतीत मात्र पूर्ण एकमत होतं.

मग एका वर्षी, पोळा तोंडावर आला असताना, बाबांचा फोन आला. "थो म्हातारा बैल थकला आता. पुढच्या पोळ्यापर्यंत रायते का नाई, काय मालूम. दुसऱ्या कोणाच्या हातानं खांदे शेकू देत नाई."

"मंग?"

"मंग काई नाई. सांगून राहिलो." आणि फोन ठेवला. माझ्या बापाला 'ये' म्हणता येत नाही. त्यांच्यापुरतं ते एवढ्यात म्हणून झालं होतं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात. गरम पाणी, हळद आणि तूप घेऊन पळसाच्या पानांनी ते खांदे हलके शेकायचे आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लहानपणापासून आमच्या गोठ्यात हे काम माझं होतं. नांगरट आता ट्रॅक्टरच करतो, पण बाबांनी एक जोडी ठेवली होती.

मी ताईंना विचारलं नाही. शाळा सुटली तशी सरळ गाडीत बसले.

बैलाने मला ओळखलं की नाही, देव जाणे. पण मान खाली घालून निमूट उभा राहिला. मी शेकत होते आणि बाबा गोठ्याच्या दाराशी उभे होते. पाणी निवलं की गरम पाणी आणून ओतत होते. मला इतकं बरं वाटत होतं की रडू येईल म्हणून मी खाली मान घालून शेकतच राहिले. शेवटी कानाशी जाऊन आवतनही दिलं. वहिनीने फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी बैल सजून अंगणात आले. वहिनीने आरतीचं ताट आणलं, तर बाबांनी ते तिच्या हातातून घेऊन माझ्यापुढे धरलं. "कर पूजा. घरची लेक हायेस."

"बाबा, पूजा नाई करत मी. माया प्रभूशिवाय कोणालेच ओवाळत नाई."

"मंग आली कायले?"

"खांदे शेकाले आली. तुमाले भेटाले आली. अन् जेवूनच जाईन, हाकललं तरी."

मी ताटाला हात लावला नाही. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी त्या नजरेने मी पलंगाखाली शिरले असते. मग त्यांनी ताट वहिनीच्या हाती परत दिलं. जेवताना ते माझ्याशी बोलले नाहीत. फक्त वहिनीला म्हणाले, "तिच्या पोळीवर तूप कमी हाय."

अमरावतीला परतल्यावर मी तो फोटो स्टेटसला ठेवला. माझा हात, बैलाचा खांदा, खाली 'खांदशेकणी' एवढाच शब्द. लपवण्यासारखं त्यात काय होतं? मंडळीला मात्र पुष्कळ काही दिसलं.

पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. ते जन्माने इथलेच, पण रागावले की एकदम शुद्ध मराठीत शिरत. "बहिणी, तुमच्या वागण्याने विश्वासाची साक्ष बिघडली आहे. रविवारी प्रभुभोजन आहे. त्याआधी मंडळीसमोर उभं राहून माफी मागा."

"कशाबद्दल?"

"मूर्तिपूजेबद्दल."

"मूर्ती कुठं होती? बैल होता. चांगला जिवंत, शेपटी हलवत होता."

ते हसले नाहीत. जनावराला जेवणाचं आमंत्रण देणं हीच पूजा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ज्याने वर्षभर ओझं वाहिलं त्याचा खांदा शेकणं याला मी उपकार मानणं म्हणते. आणि प्रभू जकातदारांच्या, पाप्यांच्या घरी जेवायला जातो याच्या तक्रारी करणारे शास्त्रातले लोक कोण होते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. यावर त्यांनी निर्णय ऐकवला. माफी नाही, तर प्रभुभोजनाची भाकर नाही. मुलांचा रविवारचा वर्गही मी घ्यायचा नाही.

वर्गाचं मला वाईट वाटलं, पण भाकरीचं जास्त लागलं. त्या भाकरीसाठी मी घर सोडलं होतं. घर नुकतंच जरासं किलकिलं झालं होतं, आणि आता इथलं ताट काढून घेतलं जात होतं. माफीची दोन वाक्यं म्हटली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. पण ती वाक्यं खोटी होती. देवाच्या घरात देवाच्या नावाने खोटं बोलायचं, आणि तेही भाकर मिळावी म्हणून? मला ते जमणार नव्हतं.

शनिवारी दुपारी ताई माझ्या खोलीवर आल्या. मी चहा ठेवला.

"मले न इचारता गेली तू."

"इचारलं असतं तं तुमी नाई म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं. मंग इतके वर्सं तुले शिकवलं काय म्या?"

"प्रभूले इचाराले शिकवलं, ताई. त्याले इचारूनच गेली."

ताई कपाकडे बघत म्हणाल्या, "माही माय अकोल्याले वारली. तवाच्या पाळकांनं सांगतलं, जाशील तं तिथं हात जोडा लागतीन, जाऊ नको. मी नाई गेली. अकोला काई दूर हाय का? स्टँडवर गाडी उभी होती. मी ड्यूटीवर गेली. प्रभूसाठी मायचं तोंड नाई पायलं म्या. अन् तुले एक बैल नाई सोडवत?"

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी आईचा विषय कधी काढला नव्हता. अशा वेळी शहाणं माणूस हात हातात घेतं, पाणी देतं. मी म्हटलं, "ताई, तुमी जायाले पायजे होतं. कोणापुढं हात न जोडता मायजवळ उभं रायता आलं असतं. प्रभूनं नव्हतं अडवलं तुमाले. पाळकानं अडवलं होतं."

चहा तसाच ठेवून त्या उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. मी दार लावून खूप रडले. सख्खी आई गेल्यावर जिला मी आई मानलं, तिच्याच वर्मावर मी बोट ठेवलं होतं. धावत जाऊन पाय धरावेत असं वाटलं. पण जे बोलले ते खरं होतं, म्हणून गेले नाही.

रविवारी मी नेहमीच्या जागेवर, पुढच्या रांगेत जाऊन बसले. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी बाबांच्या घरी गेले, बैलाचे खांदे शेकले, आरती केली नाही आणि जेवून आले. यातल्या कशाचीच माफी मागणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाईन." आणि खाली बसले. मागे कुजबुज झाली. पाळकसाहेब म्हणाले, ठीक आहे, मग आज या बहिणीला भाकर मिळणार नाही.

आमच्याकडे बायकांच्या बाजूला भाकरीचं ताट ताई फिरवत. त्या रांगेच्या त्या टोकाहून निघाल्या. एकेकीसमोर थांबत, पुढे सरकत माझ्यापर्यंत आल्या. मी मान वर केली नाही. मला त्यांच्या साडीची किनार दिसत होती आणि ताटाखालचे हात दिसत होते.

"ताई, पुढे चला," समोरून पाळकसाहेब म्हणाले.

ताई हलल्या नाहीत.

"ताई, ऐकलंत ना? पुढे चला."

"माय मेली तवा बी तुमी लोकांनं पुढंच चालवलं मले," ताई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या बाकापर्यंत गेला. "आता नाई चालत." त्यांनी ताट माझ्या तोंडापुढे आणलं. "घे, पोरी."

मी भाकर घेतली.