कळमन्यातली पाटी
गवतात पिकत घातलेल्या आंब्यांचा वास आला की मला चौथीची शाळा सुरू होण्याआधीचा जून आठवतो. वर्गात मोठ्यानं वाचताना मी अडखळायची आणि मुलं हसायची, म्हणून मी शाळेत जाणारच नाही, असं घरी सांगून टाकलं होतं. बाबा रागावले नाहीत. मला स्कूटरवर मागे बसवून ते निघायचे आणि आमच्या सक्करदऱ्यापासून वाटेत दिसेल ती पाटी वाचायला लावायचे. एका सकाळी आम्ही कळमन्याच्या बाजारात आंबे घ्यायला गेलो. तिथे टेम्पोत आंबे भरून आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मलाच विचारलं, "बाई, माहा चष्मा घरीच राह्यला. त्या पाटीवर काय लिवलं हाय, सांग नं वं." मी बाबांकडे पाहिलं, पण ते गप्पच. "आंब्यांचा लिलाव मागच्या शेडमध्ये स्थ... स्थलां..." माझे कान तापले. "घाई नाही वं, होऊ दे," म्हातारा म्हणाला आणि खरंच थांबला. "स्थलांतरित!" मी जवळजवळ ओरडलेच. "अरे बापा, मी इथंच बसून राह्यलो असतो नं!" म्हणत तो लगबगीनं टेम्पोकडे गेला. शाळेच्या पहिल्या दिवशी धडा कोण वाचेल, असं बाईंनी विचारलं, तेव्हा माझा हात वर गेला. मी अडखळले, पण धडा पुरा केला. आता माझी मुलगी वाचताना अडते, शब्द माझ्या ओठांवर येतो, आणि त्या सकाळी बाबांना गप्प राहणं किती जड गेलं असेल, ते कळतं.