दारातून सांगायचं सेटिंग

"आत येऊ नको. चपला काढल्या तरी नको. तिथूनच सांग."

आमच्या कॉम्प्युटर विभागाचे साहेब हे बोलले तेव्हा त्यांच्या कपाळावर ओलं गंध होतं आणि मांडीवर कीबोर्ड. मी कॉम्प्युटर खोलीच्या दारात. आत केळीचे खांब, चौरंग, कलश. त्यामागच्या रॅकमध्ये, प्रसादाच्या शिऱ्याच्या वासात, नेटवर्कचा स्विच लुकलुकत होता. त्या रॅकमधली प्रत्येक वायर मी ओढलेली. कंत्राटी माणूस, पण वायर माझीच.

आमच्या साखर कारखान्याची रीत ऐका. हंगामाची पहिली मोळी पडली की सत्यनारायण. आणि तो कुठं? कॉम्प्युटर खोलीत. कारण एसी तिथंच चांगला! चेअरमन सपत्नीक बसतात, कुणाला घाम येत नाही. उत्तरपूजा दुसऱ्या दिवशी. तोवर खोली सोवळ्यात. म्हणजे चहावाला आत, फोटोग्राफर आत, बाहेर फक्त मी.

विचारलंच मी. "साहेब, चहावाला कसा चालतो?"

"तुम्ही ख्रिश्चन ना? तुमच्याच धर्माचा मान ठेवतोय रे."

वा! काय ते नाटक! टाळी वाजवावीशी वाटली. माझ्या आजोबांनी मिशनच्या शाळेत जाऊन देव बदलला, तरी गाव त्यांच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतत राहिलं. आजोबा कोणत्या वस्तीतले, हे साहेबांना माझ्या आडनावावरून पाठ होतं. धर्म नुसता तोंडी लावायला.

आता घोळ काय होता ते सांगतो. पूजेला शोभा म्हणून साहेबांनी त्याच सकाळी नवा स्विच बसवला. वजनकाट्याकडं जाणाऱ्या पोर्टला स्वतःच्या हातानं सेटिंग दिलं: शंभरचा स्पीड, फुल डुप्लेक्स. फुल म्हणजे एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं. दुसऱ्या टोकाला, काट्याच्या केबिनमध्ये, जुना छोटा स्विच, नुसता डबा. त्याला सेटिंगच नाही. तो समोरच्याशी बोलणी करून ठरवतो. समोरचा बोलणी करेना, तेव्हा त्यानं आपणहून हाफ धरलं. म्हणजे समोरचा थांबला की मगच आपण बोलायचं. आणि समोरचा तर थांबतच नाही.

दिवे दोन्हीकडं हिरवे. पण वजनाची एक पावती निघाली की पुढच्या लटकायच्या. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग नेवासा रोडला टेकलेली.

"साहेब, ऑटो करा. स्पीडपण आन डुप्लेक्सपण."

"फुल मिळतंय तर ऑटो कशाला? तू काट्यावर जाऊन बघ."

गेलो. तेच. परत दारात आलो. आता साहेबांनी स्पीड ऑटो केला, डुप्लेक्स फुलच. पोर्टच मेलं. परत काटा. परत दार. वगातल्या शिपायासारखी माझी धाव चाललेली आणि ट्रॅक्टरवाले प्रेक्षक.

"ओ कॉम्प्युटरवाले, पळताय लई, व्हत काइच न्हाई!"

हसलो मी. मला हसू लवकर येतं, हीच तर खोड. पुन्हा दाराशी आलो तेव्हा साहेब फोनवर संचालकांना सांगत होते, "आमचा माणूस आळशी आहे हो. सकाळपासून नुसता फिरतोय."

हसू तिथंच मेलं.

फोन ठेवून ते म्हणाले, "हं, सांग पुढं."

मी दारातून एक पाऊल मागं सरलो.

काट्यावरचा कारकून माझ्यामागं आलेला. रोज माझ्या डब्यातली भाकरी खाणारा. तो कानाशी लागला, "सांग ना बाबा दारातनं. तोंडाला कसला आलाय इटाळ?"

हे तो प्रेमानं म्हणाला. साहेबांचं बोलणं कातडीवर लागलं होतं, हे आत गेलं.

मी म्हणालो, "आत येऊन करीन. बाहेरून आता एक शब्द न्हाई."

"गेट बंद होईल तुला," साहेब म्हणाले.

"होऊ द्या."

कारकून खाली बघत काट्याकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पूजा उठली. नगरहून एक माणूस आला, सरळ आत गेला, ऑटो केलं, पावत्या सुटल्या. कुणाला लाज वाटली म्हणता? छे. साहेब म्हणाले, देवानं हंगामाच्या तोंडीच परीक्षा घेतली. कारकुनानं शिरा खाल्ला. माझा गेटपास वॉचमननं गळ्यातून काढून घेतला, तोही मान वळवून. मी गेलो म्हणून उसाचं टिपरूही अडलं नाही.

आता कुठून फोन आला की मी आधी विचारतो, "स्विच जिथं हाय तिथवर मला नेणार का?" पुष्कळ जण फोन ठेवतात. त्यांना दुसरा माणूस मिळतो, हे मला ठाऊक आहे. बायको म्हणते, असं करून कुणी सुधारत नाही. बरोबर आहे तिचं. सुधारणार नाहीत.

पण मला जे येतं ते हवं असेल, तर अख्खा मी आत घ्यावा लागेल. नुसतं माझं तोंड भाड्यानं मिळणार नाही.