कानात सांगायची किंमत

कोणतेही जुने वाद्य हाती आले की मिस्त्री आधी त्याचा वास घेत. मग डोळे मिटून म्हणत, "घाई नगं, राव. आधी त्याला आपल्याला वळखू द्या."

शिनोलीत रस्त्यालगत त्यांचे वाद्यदुरुस्तीचे दुकान होते. लग्नातल्या बँडची वाद्ये तिथे येत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी क्लॅरिनेट शिकू लागलो आणि त्याच दुकानात रमलो. मला बोलण्याचा संकोच, त्यांना ऐकणारा हवा. असे जमलेले दोघे तुम्हीही कुठे पाहिले असतील.

एकदा पिंपळवंडीच्या एका बाईंचा निरोप आला. बँडमध्ये वाजवणारे त्यांचे यजमान वारले होते; त्यांचा सॅक्सोफोन विकायचा होता. मला तो घ्यायचा होता, म्हणून मी मिस्त्रींना सोबत नेले. ओसरीवरचे वाद्य वरपासून खालपर्यंत सोनेरी रंगवलेले होते. वरातीत चमकावे म्हणून बँडवाल्यांनीच केलेला हा उद्योग. भंगारवाल्याने ते पितळ समजून वजनावर मागितले होते. मलाही ते स्वस्तात हवे होते, हे आता कबूल करतो.

मिस्त्रींनी नखाने रंग खरवडला. खाली काळे निघाले. तिथे अंगठा जोरात घासून त्यांनी हुंगले. स्वस्त वाद्यांतले कडक रबर असते तर गंधकाचा वास आला असता. आला नाही. अस्सल लाकूड होते.

"ताई, सॅक्सोफोन खाली रुंद व्हत जातो. ह्याची नळी शेवटपतोर सारखीच. ह्ये बेस क्लॅरनेट हाये, खर्जातलं मोठं क्लॅरनेट. लई मोलाचं."

नळ्या उजेडाकडे धरून त्यांनी चीर शोधली, कळा दाबून पाहिल्या आणि शेवटी फुंकर घातली. खोल, भरदार सूर निघाला. बाई उंबऱ्यावर बसून ऐकू लागल्या.

"किती द्यावेत?" मी हळूच विचारले.

मिस्त्री उठले, बाईंच्या कानाशी वाकले, काहीतरी पुटपुटले. मग माझ्याकडे वळले. "गुरुजी, किंमत इकणाऱ्याला सांगायची असती. तुमाला त्या सांगत्याल."

बाईंनी सांगितली. माझा चेहरा उतरला. पण घासाघीस करायला तोंड उरले नव्हते. वाद्य घेतले. परतीच्या वाटेवर मिस्त्री मजेत शीळ घालत होते. आज ते वाद्य वाजवताना ती किंमत मला रास्तच वाटते.

यंदा मिस्त्री गेले. त्यांचे स्वतःचे क्लॅरिनेट घ्यायला बोरी बुद्रुकचे एक बँडमास्तर आले, तेव्हा मिस्त्रींच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, मला बोलावले. मी वास घेतला, अंगठा घासला, उजेडाकडे धरले, वाजवले. मास्तरांनी मला किंमत विचारली. मी उठलो आणि वहिनींच्या कानाशी वाकलो. या खेपेला संकोच आडवा आला नाही.

वहिनींनी मान हलवली. "त्यांनीबी येवढीच सांगून ठेवली व्हती," त्या म्हणाल्या आणि मास्तरांकडे वळल्या.