धड कापडावरचं रफू

थोरली जाऊ रफू करायची आणि धाकटी जाऊही रफूच करायची, पण गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवताच विचारायचं, "ताई आहेत ना?" अठ्ठावीस वर्षं हे ऐकून धाकटीचे कान किटले होते. खिडकीजवळची उजेडाची खुर्ची थोरलीची, भारी कोट थोरलीचे. धाकटीच्या वाट्याला शाळेच्या पँटींचे गुडघे. पोटात दुखणार नाही तर काय होणार?

बरं, थोरली हातचं राखून ठेवायची असंही नाही. कोटाच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे काढायचे आणि एक वर, एक खाली असे भोकावर विणत न्यायचे, हे तिनंच शिकवलं. पण धाकटीच्या कामावर अंगठा फिरवून म्हणायची काय, तर "चालेल." चालेल! धाकटीचा नुसता तिळपापड व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी थोरलीला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले आणि बाई पुन्हा खुर्चीत हजर. गिऱ्हाइकं फळं घेऊन यायची. खरं सांगायचं तर धाकटीला त्या फळांचाही हेवा वाटला. "मी आजारी पडले तर काळं कुत्रंही विचारत नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

मग यंदा थोरली एक डोळा मिटून काम करायला लागली. सकाळी डोकं ठणकायचं. दोनदा चष्मा बदलला, तरी फरक नाही. गिऱ्हाइकं मात्र थक्क, "ताई एका डोळ्यानंसुद्धा रफू करतात!"

"नखरे मेले," धाकटी पुटपुटली.

अशात एका वकिलाचा राखाडी कोट आला. बाहीला सिगारेटनं भोक पडलेलं. थोरलीनं तो करून घडी घालून ठेवला आणि नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेली. धाकटीनं लगेच कोट उजेडात धरला. अगं बाई! भोक निम्मं उघडंच होतं आणि रफू शेजारच्या धड कापडावर सरकत गेलं होतं.

सापडली एकदाची! धाकटीला कोण आनंद झाला. उद्या कोट वकिलापुढे नुसता पसरायचा, की खुर्ची आपली.

तेवढ्यात थोरल्या दिरांचा फोन आला. पाठीतून पाणी काढून तपासलं होतं. कॅन्सर मेंदूच्या आवरणात पसरलाय, डोळा हलवणाऱ्या नसांना धक्का लागलाय. म्हणून तिला एकाचे दोन दिसतात, एक डोळा मिटला तरी अंदाज चुकतो. "आता फार दिवस नाहीत म्हणतात," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

धाकटी कोट मांडीवर घेऊन बसली. तिला रागच आला. हिला हरवायचं होतं, पण हिचे डोळे धड असताना! मग तिनं सगळं रफू उसवलं, नवे धागे काढले आणि दुपारभर मान वर न करता भोक विणून काढलं.

दुसऱ्या दिवशी थोरली एका डोळ्यावर पट्टी लावून आली. वकील कोट न्यायला उभाच होता. "ताई, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही!"

धाकटीनं दातओठ खाल्ले. थोरलीनं बाहीवर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"हे माझं नाही. माझं चुकलं होतं वाटतं," ती म्हणाली. "हे धाकटीचं. माझ्याहून बारीक आहे."

वकील गेला. थोरली चाचपडत धाकटीच्या स्टुलावर जाऊन बसली. "तू खिडकीत बस. मला आता उजेड काय कामाचा?"

धाकटी बसली. अठ्ठावीस वर्षं डोळा होता त्या खुर्चीवर, आणि आता बसवत नव्हतं. एवढं कौतुक करायचं होतं तर आधी करायला काय झालं होतं हिला?

दारात गिऱ्हाईक आलं. "ताई आहेत ना?"

धाकटीच्या पोटात नेहमीसारखंच दुखलं.

"आहेत," ती जोरात म्हणाली. "आहेत अजून."