समुद्रात सोडून दिलेला कॅमेरा

शोभनाताई दळवी कर्जतच्या आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायला आल्या, त्या दिवशी त्यांना प्रयोगशाळा दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी वनस्पतिशास्त्राचा. कपाटातल्या बरण्यांपाशी त्या थांबल्या. फॉर्मॅलिनमध्ये पांढराफटक पडलेला एक समुद्री जीव बघत त्यांनी विचारलं, "जिवंत असताना याचा रंग कोणता?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही माहीत. आणि वर्षानुवर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या. चहा येऊन निवला तरी त्या खुर्चीला टेकल्या नाहीत. ताईंच्या साठीनिमित्त लिहायला बसलो, तर पहिली आठवते ती ही तगमग.

पंचेचाळिशी उलटल्यावर ताई पोहायला शिकल्या, तेही कळंबच्या एका शेतातल्या विहिरीत. श्वास रोखून त्या इतका वेळ पाण्याखाली राहत, की शेताच्या मालकीण पार्वतीकाकू काठावरून हाका मारत, "बाई, वर या गं आता. माजा जीव थाऱ्यावर नाय." पुढे मालवणला जाऊन त्यांनी डायव्हिंगचं रीतसर शिक्षण घेतलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्या समुद्रतळाशी जातात आणि ज्यांना मराठीत नावंसुद्धा नाहीत अशा जीवांची छायाचित्रं काढतात. नखाएवढ्या, बिनशंखाच्या गोगलगायी हा त्यांचा खास विषय. मी सोबत जातो, पण होडीतच बसतो. मला पोहता येत नाही.

माझी पत्नी पनवेलला रुग्णालयात होती, तेव्हा ताईंनी माझे सगळे तास घेतले आणि रोज डबा आणून दिला. वॉर्डात मात्र त्यांना बसवत नसे. बाहेर येरझारा घालत त्या पत्नीशी दारातूनच बोलत. ती अजून त्यावरून हसते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक पारदर्शक, निळ्या टोकांची गोगलगाय ताईंना आदल्या वर्षी ओझरती दिसली होती. कोणत्याच संदर्भग्रंथात ती त्यांना सापडेना. वर्षभर त्यांचं कशात लक्ष नव्हतं. त्या हिवाळ्यात त्या पुन्हा उतरल्या. जोडीला त्यांचा जुना विद्यार्थी संजय होता. तो खालापूरचा, आता कारखान्यात नोकरीला. खडकाच्या कपारीत ती गोगलगाय दिसली. ताई कॅमेरा रोखणार, तोच संजयच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. तो घाबरला आणि हवेची नळी त्याच्या तोंडातून सुटली. ताईंनी मनगटाची दोरी काढून कॅमेरा सोडून दिला, आपली जादा नळी त्याच्या तोंडात दिली आणि त्याला दोन्ही हातांनी धरून सावकाश वर आणलं.

होडीत संजय बराच वेळ खोकत होता. मग त्याने विचारलं, "मॅडम, कॅमेरा कुठं हाय?"

"खाली."

"माज्यामुळं गेला."

"तुला धरायला दोन्ही हात लागत होते रे," ताई म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवर टॉवेल टाकला.

दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं. खूप शोधूनही कॅमेरा मिळाला नाही.  परतताना गाडीत ताईंची बोटं सारखी ओढणीचं टोक पिळत होती.

त्यानंतर शिळफाट्याला त्यांचं व्याख्यान झालं. हा प्रसंग ऐकलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे तुम्हाला नवीनच प्राणी सापडला होता ना?" सभागृह टाळ्यांच्या तयारीत होतं. ताई म्हणाल्या, "माझ्याकडे छायाचित्र नाही. तेव्हा सापडला असं मी म्हणणार नाही. शोधतेय, एवढंच खरं." असा खरेपणा मी फार थोड्या अभ्यासकांत पाहिला.

ती गोगलगाय अजून मिळालेली नाही. यंदा कानाच्या डॉक्टरांनी ताईंना जपून राहायला सांगितलंय, आणि संजयने पुढच्या हिवाळ्याची रजा आताच मागून ठेवलीय. ताई, तुमचे कान, फुप्फुसं आणि गुडघे अनेक वर्षं धडधाकट राहोत. समुद्र तुम्हाला नितळ पाणी देवो. आणि तुम्ही स्वस्थ बसावं, असं आमच्यापैकी कोणीही कधी तुम्हाला न म्हणो.