बर्फाच्या गावचे चाचा

पौषात कळंबची सगळी पेठ घोंगड्यांत गुरफटून शेकोट्यांभोवती बसलेली असायची, आणि जपानी चाचा आमच्या पडवीत एका पातळ सदऱ्यावर कापूस पिंजत असायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, थंडी वाजत न्हाय का?" तर हात न थांबवता म्हणाले, "ही व्हय थंडी? सूनबाई, असल्या हवेला तिथली माणसं उन्हाळा म्हणतील."

'तिथली' म्हणजे जपानातली. चाचा पिंजाऱ्याच्या घरात जन्मलेले, कळंबचेच. वय चाळिशीच्या आतलं, पण डोक्यावरचा एकही केस काळा उरलेला नव्हता. ते जपानातून आले तेव्हा असेच आले, आणि त्या पांढऱ्या केसांमुळे सगळी पेठ त्यांना चाचा म्हणू लागली. मी जवळच्याच वाशीकडची. लग्न होऊन कळंबला आले ते निजामाचं राज्य सरत आलेलं असताना. चाचांना परत येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. दिवाळी झाली की ते आमच्या घरच्या गाद्या-रजया उसवून जुना कापूस पिंजायला येत. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, आणि मी उंबऱ्याच्या आत बसून रुईतली काडी-कचरा निवडायचो. पिंजणीच्या धनुष्याची तात टणटण वाजत राही. तिच्या तालावर चाचांना गोष्ट सुचे.

तरुणपणी ते मुंबईला गेले आणि जहाजावर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला लागले. लढाई पेटली तशी भर समुद्रात जपान्यांनी त्यांचं जहाज पकडलं. खलाशांना त्यांच्या मुलखात उतरवलं, आगगाडीत बसवलं आणि दोन दिवसांनी उत्तरेकडच्या एका लहानशा शहरात नेऊन एका बंद पडलेल्या रेशमाच्या गिरणीत कोंडलं. त्या शहराचं नाव चाचांना कधीच धड सांगता आलं नाही. दर खेपेला निराळंच काहीतरी तोंडून निघे. मग स्वतःच हसत आणि म्हणत, "नाव ऱ्हाऊ द्या. गावच दावतो तुमास्नी."

आणि खरोखरच दाखवत. पिंजलेल्या कापसाचा ढीग हातानं सारखा करत. कडेनं उंचवटे करत, ते डोंगर. मधे सपाट, ती भाताची शेतं. बोटानं एक वळणाची रेघ ओढत, ती नदी. "हितं टेशन. हितं बाजार. हितं आमची गिरणी." चार-पाच हजार घरांचं गाव, चहूकडून शेतकऱ्यांच्या वाड्या. उन्हाळ्यात भात हिरवंगार, आणि एकदा का बर्फ पडायला लागला की तीन-चार महिने जमिनीचं दर्शन नाही. त्यांच्या भाषेत बर्फाला युकी म्हणतात, हे मला चाचांनीच शिकवलं. मला तो शब्द एखाद्या लाडक्या मुलीच्या नावासारखा वाटे.

बर्फ छपराच्या वळचणीला टेकला की माणसं माडीच्या खिडकीतून ये-जा करत. बाजारात दुकानांपुढं लाकडी छप्पर बांधलेलं असे, त्याखालून लोक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत; बाजूला बर्फाची भिंत, आणि भिंतीपलीकडं समोरचं दुकान. पलीकडे जायचं तर बर्फातून बोगदा. गवताचे जोडे, गवताचेच अंगरखे. वळचणीला सोलून टांगलेली केशरी फळं, आणि मागं सगळं पांढरं. "आवाज म्हणून न्हाय," चाचा सांगत. "गाडी गेली तर ऐकू येत न्हाय. माणूस जवळून बोललं तर वाटतं, लांबून कुणीतरी बोलतंय." हे सांगताना त्यांचाही आवाज खाली येई. पडवीबाहेर आमचं ऊन पडलेलं असे, बाजारात ज्वारीच्या गाड्या सुटत असत, आणि मी उंबऱ्यात बसल्या बसल्या त्या बोगद्यातून चाललेली असे.

आत्याबाई मात्र अशा सहजी वाहवत जाणाऱ्या नव्हत्या. चाचांनी सांगितलं, की तिथं घराच्या मधोमध खड्ड्यात निखारे ठेवतात, वर चौरंगासारखं लाकूड, त्यावर जाड रजई, आणि सगळं घर त्या रजईत पाय घालून बसतं.

"आरं, इस्तवावर रजई?" आत्याबाईंनी निवडणं थांबवलं.

"व्हय काकू."

"पेटत न्हाय?"

"न्हाय पेटत."

"आन् सासरा, सून, समदी एकाच रजईत पाय घालून?"

"समदी."

आत्याबाईंनी पुन्हा रुई निवडायला घेतली. मग म्हणाल्या, "सुनेला सुख हाय म्हणायचं."

तिथलं वाईटही चाचांनी लपवलं नाही. गिरणीत भूक होती, मारही होता. त्यांच्याबरोबरचा रत्नागिरीचा एक भंडारी पहिल्याच हिवाळ्यात खोकून खोकून गेला. चाचांच्या डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं खाल्ली. दुसऱ्या हिवाळ्यात पहारेकरी त्यांना गावातल्या छपरांवरचा बर्फ ओढायला नेऊ लागले. एका छपरावर फावडं मारत असताना खालून आवाज आला. टण, टण, टण.

"सूनबाई, म्या फावडं टाकलं आन् खालीच बसलो. वाटलं, आपण मेलो. मेल्याबिगर अब्बाची पिंजण कशी ऐकू येईल?"

खाली रजया करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं दुकान होतं. त्याच्या हातात धनुष्यासारखीच पिंजण, तशीच तात. चाचा पहारेकऱ्यादेखत आत शिरले आणि हात पुढं केले. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं, मग पिंजण दिली. चाचांनी ढीगभर कापूस पिंजून दिला. म्हाताऱ्याची बायको आतून येऊन तोंडावर हात धरून बघत उभी राहिली. त्यांचा एकुलता मुलगा लढाईवर गेलेला होता. त्यानंतर म्हातारा दर आठवड्याला चाचांना मागून घेई. पहारेकऱ्यांनाही रजया हव्याच होत्या. काम झालं की म्हातारी त्या निखाऱ्यांच्या रजईत चाचांना पाय घालून बसवी आणि वाटीभर गरम पेज देई. "हे दोन पाय," चाचा म्हणत, "त्या म्हातारीनं वाचवले."

असं इतकं जीव लावून ते सांगत, की एका दुपारी मी सहज बोलून गेले, "चाचा, मग परत कशाला आलात?"

पिंजण थांबली. आत्याबाईंनी माझ्या मांडीला इतका जोरात चिमटा घेतला की डोळ्यांत पाणी आलं. चाचांनी उगीच तात पिळली, सैल केली, पुन्हा पिळली. मला आत नेऊन आत्याबाईंनी सगळं सांगितलं.

चाचांचं घर आमच्या परड्याला लागूनच होतं. जहाज बुडालं, सगळे गेले, असं पत्र आलं होतं. शाळामास्तरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. दोन वर्षं गेली. घरात तरणी बायको, रहिमा. वडीलधाऱ्यांनी तिचा निकाह चाचांच्या धाकट्या भावाशी लावून दिला. तिला मुलगी झाली. मुलगी आठ महिन्यांची असताना एका सकाळी पांढऱ्या केसांचा एक माणूस लंगडत येऊन दारात उभा राहिला.

काझींना बोलावलं. ते म्हणाले, नवरा जिवंत आहे, तर दुसरा निकाह उभा राहत नाही, बाई पहिल्याची. धाकटा भाऊ भिंतीकडं तोंड करून उभा होता. चाचा म्हणाले, "तिला विचारा." बायकांत आत्याबाई वडील, म्हणून त्याच आत गेल्या. रहिमा खाली मान घालून बसली होती. पोरीनं आईच्या ओढणीची गच्च मूठ धरलेली. आत्याबाईंनी तीनदा विचारलं, रहिमा बोलली नाही. त्यांनी बाहेर येऊन तसं सांगितलं.  चाचा म्हणाले, "लेकरू बापाच्या अंगाखांद्यावर वाढू द्या." त्यांनी तिला तलाक देऊन मोकळं केलं, आपली पिंजण उचलली आणि मशिदीजवळच्या एका खोलीत राहायला गेले. तलाकनंतरची मुदत सरल्यावर धाकट्याचा आणि रहिमाचा पुन्हा निकाह झाला.

मी चहा घेऊन पडवीत गेले. "चाचा, मला ठाऊक नव्हतं."

"बरं केलं विचारलं," ते म्हणाले. "समद्यांना ठाऊक हाय, म्हणून कुणी विचारतच न्हाय." चहाचा घोट घेऊन ते पुढं बोलले, "लढाई संपली, त्या म्हाताऱ्याचं पोरगं आलं न्हाय. म्हातारा म्हणला, हितंच ऱ्हा. म्या तिथल्याच मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं, घरी बायको वाट बघतीया."

त्या दिवशी त्यांनी अर्धाच कापूस पिंजला.

पुढं दिवस बिघडले. रझाकारांच्या भीतीनं आम्ही घर बंद करून निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीच्या बाजूला जाऊन राहिलो. निजामाचं राज्य गेलं आणि परत आलो, तर पेठेतली कितीतरी दारं बंद होती. त्या गोंधळात चाचांचा भाऊ एका खेड्यावर कामाला गेला तो आलाच नाही. ओढ्याकाठी सापडला. कुणी मारलं ते कधीच कळलं नाही. चाचांनी त्याला बैलगाडीतून आणलं, आपल्या हातांनी न्हाऊ घातलं.

मग ते रोज सकाळी रहिमाच्या दाराशी पीठ, सरपण, पोरीसाठी गूळ ठेवायचे आणि उंबरा न ओलांडता निघून यायचे. आत्याबाई एकदा म्हणाल्या, "आता तरी निकाह लाव. म्या विचारते तिला."

चाचा एकदम कळवळून म्हणाले, "नगा काकू. उपाशी बाईला असलं विचारू न्हाय. ती व्हयच म्हणल."

रहिमाच्या कानावर हे गेलं असावं. तिनं आत्याबाईंकडून सुई-दोरा नेला आणि रजया शिवू लागली. हात बारीक होता तिचा. वर्षभरात बाजारातली दुकानं तिच्याकडं काम पाठवू लागली. चाचांनी ठेवलेलं पीठ एके दिवशी तसंच दारात राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं पोरीच्या हाती परत पाठवलं. चाचा त्या पिठाकडं बघत बसले. त्यांना वाटलं, हेच उत्तर.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी, रहिमा पोरीचा हात धरून आमच्या पडवीत आली. चाचा पिंजत होते. आम्ही दोघी आत. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"पीठ का परत धाडलं, समजलं का?"

"समजलं," चाचा म्हणाले.

"न्हाय समजलं. आता माझ्या घरात माझे चार दाणे हायती. आता मी उपाशी न्हाय." तिची मान वर होती. "तवा तुमी काकूंच्या तोंडून विचारलं. आता तुमच्या तोंडानं विचारा."

चाचांच्या भुवयांवर, दाढीवर रुई बसलेली. पिंजण त्यांनी खाली ठेवली. 

"रहिमा, घरी येऊ?"

"या."

आत्याबाईंनी नाक पुसलं आणि आतूनच ओरडल्या, "बघत काय बसलीस, दार लोट! समदी रुई उडतीया."

पुन्हा निकाह झाला, आणि त्यांचा संसार पुढं पंधरा-सोळा वर्षं चालला. पोरगी त्यांना अखेरपर्यंत चाचाच म्हणे, आणि तिच्या लग्नात सगळ्यांत जास्त रडले ते चाचाच. ते गेले तेव्हा मी समाचाराला गेले. रहिमा अर्ध्या शिवलेल्या रजईजवळ बसली होती. मी तिचा हात हातात घेतला. तीच बोलू लागली.

"दुपारी डोळा लागला की ते तिथल्या बोलीत बोलायचे. रोज. कुणाला तरी काय तरी विचारायचे. मला एक अक्षर कळायचं न्हाय." तिनं रजईवरून हात फिरवला. "म्या नुसती व्हय म्हणायची. मग गप निजायचे."