बापाच्या छातीवरचं ते काळं काय?

शम्साच्या पायाला त्या दिवशी भिंगरी लागली होती. मुहर्रक गावच्या क्लबात जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलं, भाचेसुनेने ओढून नेलं, तर भिंतीवर तिचा बाप, ती लहान असतानाच मेलेला. मर्झूक. किनाऱ्यावर उभा, आणि उघड्या छातीवर दोऱ्यात ओवलेलं काहीतरी काळं, बोटाएवढं. शम्साने इकडेतिकडे बघितलं, फोटो सरळ खिळ्यावरून काढला आणि अंगावरच्या काळ्या अबायाखाली घातला. बाप माझा, परवानगी कुणाची मागायची?

घरी आली, पण बूड टेकेना. चुलीवरचा कहवा उतू गेला. शेजारणी जमल्या. एक म्हणाली ताईत असेल, दुसरी म्हणाली किल्ली.

"किल्ली कशाची? मर्झूककडे कुलूप लावण्यासारखं होतं तरी काय?" तिसरीने टोमणा मारलाच. शम्सा हसली नाही.

तिला चैन पडणार कशी? मोत्यांच्या गलबतावर माणसांची जोडी असते. एक दोर धरून तळाशी जातो, दुसरा वर उभा राहतो. खालून हिसका आला की वरच्याने ओढायचं, खालच्याचा जीव वरच्याच्या मुठीत. मर्झूक ओढणारा होता, त्याने हिसक्याकडे लक्ष दिलं नाही आणि पाणबुड्या फराज वर आला तो मेलेलाच, असं गाव सांगत आलं होतं. लोकांच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं? 'दोर विसरलेल्याची पोर' म्हणून शम्साचं जमलेलं लग्न मोडलं, पुन्हा जमलंच नाही. अबायांना जरीची किनार शिवत बाई एकटीच पिकली, आणि भांडकुदळ म्हणून नाव झालं ते वेगळंच.

ती तडक बू सनदकडे गेली. हा म्हातारा जुना पाणबुड्या, बुड्या मारून कानाचे पडदे फाटलेले.

"काका, हे काय आहे?" ती ओरडली.

"नाकाचा चिमटा. कासवाच्या पाठीचा."

"म्हणजे पाणबुड्याचा?"

"मग? ओढणारा काय वर उभा राहून नाक दाबणार?"

शम्साचा जीव सुपाएवढा झाला. बाप पाणबुड्या होता! मग दोर त्याच्या हातात नव्हताच. सगळं गाव खोटारडं. बू सनद मागून "अगं, थांब, ऐक पुढचं," म्हणत राहिला. ती कुठली थांबते? थेट फराजच्या बहिणीच्या, मूझाच्या, दारावर धडाधड थापा.

मूझाने दार उघडलं. "तू? माझ्या दारात?"

"हो, मीच. बघ हा फोटो. गळ्यात चिमटा आहे. पाणबुड्या होता माझा बाप. आता काढ दोराचं नाव."

मूझाने फोटो उजेडात धरला. डोळ्यांजवळ नेला आणि चिमट्यावर बोट ठेवलं.

"याचं एक टोक तुटलंय. माझ्याच हातून पडला होता लहानपणी. शम्सा, हा फराजचा आहे."

शम्सा फोटो परत घेऊन उंबऱ्यावरच बसली. रीत तिलाही ठाऊक होती: पाणबुड्या गेला तर ओढणाऱ्याने त्याचा चिमटा घरी पोचवायचा, घरच्यांनी घेतला म्हणजे माफ केलं.

"दर ईदला यायचा तुझा बाप," मूझा म्हणाली. "आमच्या आईने एकदाही हात पुढे केला नाही. तसाच गळ्यात घालून परत जायचा."

"म्हणजे त्यानेच मारलं." शम्सा म्हणाली.

"नाही गं. फराजला ताप होता. उतरू नको म्हणून मर्झूक पाया पडला होता त्याच्या. दोरही वेळेवर ओढला. गलबतावरच्यांनी सगळं सांगितलं आईला. मीही ऐकलं."

"ऐकलंस? मग बोलली का नाहीस?"

"समुद्राला किती शिव्या देणार? माणूस लागतो गं कुणीतरी." मूझाचे डोळे वाहत होते. तिने दोन्ही हात पुढे केले. "दे इकडे. चिमटा नाही तर फोटो तरी. मी घेते आता."

शम्साने फोटो छातीशी धरला.

"माफ करायला निघालीस? कुणाला?" ती म्हणाली. "बाजारात चल माझ्याबरोबर. मला जे सांगितलंस ते तिथे सगळ्यांना सांग."

मूझाने डोळे पुसले. भिंत धरत अबाया आणायला आत गेली.